तळ दिसला म्हणून काय झालं

धम्मशीलाच्या बाबांना सरजाबाईचा ताडकळसहून जय भीम.

तुमचा गुडघा कसा हाय? आत्याबाई पोटभर जेवतात का? धाकल्या दत्ताचा खोकला गेला का? फोनवर बोललं की इथलं सगळं घर ऐकतं, म्हणून हा कागद.

काळजी करू नका. नात सृष्टीचे जुलाब थांबले, काल तिनं भाकरी मागून खाल्ली. डोळे तेवढे अजून खोल हायत.

तुमी बजावलं होतं, लेकीच्या सासरी तोंड मिटून राहा. लय राहिले. विहीणबाई रांजणात तुरटी फिरवतात अन् म्हणतात, "बघा, तळ दिसायलाय!" अहो, तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत न्हाईत. म्हणून मी सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं दिलेले औषधाचे थेंब टाकले. तर "दवाखान्याचा वास येतो" म्हणून त्यांनी अख्खा रांजण अंगणात ओतला. वर म्हणाल्या, "पाहुणीनं आमच्या पाण्यात हात घालू नये. एसटीत बसवीन तुमाला."

मी म्हटलं, "खुशाल बसवा. बाटली माझ्या कमरेला खोसलीय. अन् तो वास म्हणजे औषध पाण्याची राखण करायलाय."

आज पुन्हा थेंब टाकले, अर्धा तास रांजणापाशी बसले. मग सासूपुढं कधी तोंड न उघडणारी आपली धम्मशीला उठली, तिच्यादेखत पेला भरून सृष्टीपुढं धरला अन् लेकीला इचारलं,

"वास यायलाय का गं?"

"यायलाय."

"मग पी."

सृष्टी अंगणात धावेपर्यंत मी हलणार न्हाई. उत्तर लवकर लिहा. 'परत ये' एवढं सोडून काहीही लिहा.

तुमची,
सरजा