शेवटच्या गाळ्याची हातोडी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमची हातोडी अजून माझ्याच पिशवीत असते. दांडा दोनदा बदलला, आवाज तोच. काल ती घेऊन आपल्या जुन्या खाडीपुलाखाली होडीतून गेले होते. तुम्ही असता तर आधी पाव आणि केळी काढून बसला असता. खाली निवांत जेवल्याशिवाय पूल कळत नाही, असं म्हणत अख्ख्या ऑफिसला चिखलाच्या वासात बसवायचात. आम्ही पाठीमागे हसायचो. पण डब्यात वरून थेंब पडला की तुम्ही घास तोंडात ठेवून वर बघायचात, आणि पाणी कुठून मुरतंय ते हमखास सापडायचं.

याच पुलाच्या माझ्या पहिल्या रिपोर्टात मी 'पूल ठीक आहे' लिहिलं, तेव्हा सगळ्यांसमोर झापलंत. "पूल ठीक आहे, की तुला दिसलं तेवढं ठीक आहे? तारा काँक्रीटच्या पोटात, नळीत ताणून बसवल्यात. नळीत पोकळी राहिली, खारी हवा शिरली, की आत गंजतात आणि बाहेरून पूल गोरागोमटा!" दुसऱ्या दिवशी मला एकटीला परत पाठवलंत. संध्याकाळी मी खांबाखांबांमधले सगळे गाळे, अगदी शेवटच्या खांबापर्यंत, पाहून आल्याचं सांगितलं, तर स्वतःची हातोडी माझ्या हातात ठेवलीत. "घे. आता वाजवत फिर."

काल शेवटच्या गाळ्यात तुळईच्या पोटावर तपकिरी ओघळ दिसला. ठोकलं तर भद्द, पोकळ आवाज. बारीक भोक पाडून कॅमेरा घातला, तर नळी रिकामी आणि दोन तारा तुटलेल्या. तिथूनच फोन करून बस आणि ट्रक बंद करायला लावले. वर आले, तर माणिकपूरच्या बससाठी उभ्या असलेल्या बायका माझ्यावर तुटून पडल्या. त्यांतली एक म्हणाली, "बाय, इतकी वर्सं उभा हाय, आजच कसा पडंल?"

"पडू नये म्हणूनच, मावशी," मी म्हटलं आणि तिलाच स्क्रीनवर तारा दाखवल्या.

"अगो, ह्या तर पार खाल्ल्यात!" म्हणाली, आणि बाकीच्यांना तीच दमात घेऊ लागली. आता दुरुस्ती होईल, पूल वाचेल. मी इतकी खूश झाले, सर, की परत पुलाखाली जाऊन पाव-केळं खाल्लं.

एक राहिलंय. तुम्ही असता तर हे लिहायची माझी छाती झाली नसती. तुम्ही मला परत पाठवलंत त्या दिवशी भरती ओसरत होती. होडीवाला म्हणाला, "बाय, पानी उतरलं, फुडं होडी रुतंल." माझ्या पायात नव्या चपला होत्या. शेवटच्या गाळ्याखाली मी गेलेच नव्हते.

हातोडी मात्र घेतली.