भाग क : लागू नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार. असोदा
आज सहा बायकांचे फॉर्म भरून झाले. अंगणवाडीच्या खोलीला आतून कडी आहे, पण खिडकीतून सगळं बाहेर ऐकू जातं. शेवटी पंखा पूर्ण सोडला. थंडीत. एकीने डोक्यापर्यंत पदर गुंडाळून उत्तरं दिली.

धुळ्याच्या डॉक्टर मॅडमचा अभ्यास : चाळिशीपुढच्या बायकांचं मन, झोप आणि ‘ते’. तीन महिने हेच काम करतेय, तरी स्वतःच्या वहीतही ‘ते’च लिहिते. भाग अ, ब सहज होतात. भाग क आला की मीच कागदावरून डोळे न उचलता वाचते. दुखतं का, रक्त जातं का, इच्छा होते का, नको असताना होतं का. मूळ मसुद्यात ‘लैंगिक संबंध’ होतं, बायका नुसत्या बघत राहायच्या. मी ‘नवराबायकोचे संबंध’ केलं. मॅडमना आवडलं. मलाही.

शेवटी विमलअक्का. पन्नाशीच्या पुढे, नवरा जाऊन नऊ वर्षं. अ, ब झाले. भाग क वर मी नेहमीसारखी तिरकी रेघ मारली : लागू नाही.
“झालं?” अक्का म्हणाल्या.
“झालं, अक्का.”
लगेच उठल्या नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार
राहिलेल्या दोघींसाठी परत असोद्याला. अक्का आणि शेजारची सुशीला ओट्यावर बसून ओल्या कापडावर वाळवणाच्या ज्वारीच्या बिबड्या थापत होत्या.
“काय व ताई, या सुशीलेले अर्धा घंटा इचारलं, अन् मले नुसती रेघ?”
सुशीला खो खो हसली. “तुले काय इचारतीन? तुह्या घरी कोन हाये?”
“तू थाप गपचूप. तुही बिबडी फाटली, पाह्य.”
पाणी देते म्हणून मला घरात नेलं. दार लोटलं. आवाज एकदम खाली.
“संबंध झाला का रगत जातं. दिवाळीपासून. पाळी जाऊन चार वर्सं झाली. कोनाले सांगू?”
कोणाशी, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. केळीच्या मळ्यातले नाना, बायको वारलेली. “मानूस चांगला हाये.” मग म्हणाल्या, “तू इचारशील म्हनून आली होती मी. दोन दिवस हिंमत करत होती. अन् तू रेघ मारली.”


त्याच दिवशी, घरी
फॉर्म काढून बसले. आत्तापर्यंत अकरा विधवा. अकराही जणींना रेघ. कोणी सांगितलं नव्हतं तसं. सूचनेत ‘प्रत्येक स्त्रीला विचारावे’ असं आहे, आणि ते मराठी माझंच. तपासणीला कोणाला बोलवायचं ते भाग क वरून ठरतं. म्हणजे अक्कांना कधी बोलावणं गेलंच नसतं.

नवरा गेला की तेही गेलं, हे मी ठरवलं. सगळ्यांच्या वतीने.

माझा शरद जाऊन सहा वर्षं झाली. प्रशिक्षणात आम्हाला स्वतःचाही फॉर्म भरायला लावला होता. मी तिथेही रेघच मारली होती. आणि ते खरं नव्हतं. कधीकधी दुपारी डोळा लागून उठते तेव्हा अंग
नाही लिहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार
दोन दिवस मॅडमना फोन केला नाही. आज रबर घेऊन फक्त अक्कांची रेघ खोडायला बसले. एकच फॉर्म दुरुस्त करायचा, बाकीचं कोणाला कळणार? कागद काळा झाला, मग फाटला. चाळिशी उलटलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी चोरी करतेय.
फोन केला. अक्कांचं सांगितलं. अकरांचं सांगता आलं नाही. “सोमवारी या,” मॅडम म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार. धुळे
मॅडमच्या विभागातल्या मावशी टेबल पुसत होत्या. “बठ्ठा कागद आठेच ठेवा ताई.” सगळे कागद तिथेच टेबलावर ठेवले. त्या जातील म्हणून थांबले. त्या जाईनात. त्यांच्यासमोरच मॅडमना अकरा रेघांचं सांगितलं.
मॅडम माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. गठ्ठा उलटून पाहिला. “तुमचे फॉर्म सगळ्यांत स्वच्छ असतात, म्हणून मी मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवले होते, ताई.”
यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.
म्हटलं, मला काढून टाका.
“ते तुम्हाला सोपं जाईल. अकरा जणींकडे परत जा. प्रश्नातलं ते ‘नवराबायको’ काढा. आणि त्या बाईंना पुढच्या सोमवारच्या आत आणा, नाहीतर सोमवारी तरी नक्की. पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर वाट बघायची नसते.”
बाहेर पडताना मावशींनी पाठीवर हात ठेवला. तो सहन होईना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. असोदा
तिघींकडे गेले. पहिलीने फॉर्म ढकलला. “विधवा बाईले असं इचारतं का कोनी? तुही माय-बहीन नही का?” मी माफी मागितली. तिचाही राग खोटा नव्हता. दुसरी हसली : “नही व बाई. सुटली मी त्याच्यातून.” ते ‘नाही’ मी लिहिलं. तिचं होतं, माझं नव्हतं. तिसरी रडली, उत्तर दिलं नाही. पुन्हा बोलावलंय.

अक्का यायला तयार नव्हत्या.
“संगे कोन म्हनून लिवतीन?”
“मी आहे ना.”
“अन् गावात काय सांगू?” जरा विचार करून स्वतःच म्हणाल्या, “डोये तपासायले चालली म्हनते.”

१६ फेब्रुवारी, सोमवार. धुळे, मग परतीची बस
सकाळच्या बसमध्ये तीन सीट मागे नाना. पांढरी टोपी, हातात काही नाही. अक्कांनी वळून पाहिलं नाही. पारोळ्याला नाना उतरले, खिडकीतून अक्कांना एक चहा आत दिला, परत मागे जाऊन बसले.

दवाखान्यात नर्सने विचारलं, “मिस्टरांचं नाव?” अक्कांनी वारलेल्या नवऱ्याचं सांगितलं. सोबत कोण? मी ‘बहीण’ म्हणून सही केली. आत डॉक्टरांनी विचारलं, संबंध येतो का. अक्कांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या मोठ्याने म्हणाल्या, “येतो.”

तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट पुढच्या सोमवारी. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता काहीच सांगता येणार नाही.

बाहेर लिंबाखाली नाना. “काय म्हने डॉक्टर?”
मला सांगता येत नाही. नियम आहे, आणि कागदावर नाना कोणीच नाहीत.
“अक्कांनाच विचारा, नाना.”
“बसमधी तिले कसं इचारू? असोद्याच्या दोघीजनी बी याच बसनं परत चालल्या.”

बस धुळ्याबाहेर पडल्यावर मी अक्कांच्या शेजारून उठले, मागच्या सीटवर जाऊन बसले. ही वही काढली, बघायला नको म्हणून. तरी बघितलंच. नाना दांडी धरून त्या रिकाम्या जागेपाशी उभे. असोद्याच्या बायका बघतायत. अक्कांनी माझ्या जागेवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

पारोळा मागे गेला. नाना अजून उभेच आहेत.