रांगेच्या शेवटी

व्हाइटहेवन, २ मे १९८७

प्रिय मुरिएल,

अनेक आशीर्वाद. येत्या शुक्रवारी आर्थरला तुझ्याकडे पाठवते आहे. खाण बंद झाल्यापासून हा माझा नवरा खिडकीशी बसून शेजाऱ्यांचे कपडे वाळताना बघतो. शनिवारी तुमच्या मंडळाबरोबर त्याला चालायला ने. रांगेच्या पुढे विल्फ असता तर मी निर्धास्त असते. आता पुढे वाट दाखवायला तो नवा मास्तर असतो, डेरेक. पण रांगेच्या शेवटी माणसं मोजायला तू आहेस, म्हणून पाठवते. आर्थर दर मैलाला भूक लागली म्हणेल, लक्ष देऊ नकोस. तू मात्र वेळेवर जेवत जा. विल्फसारखा भाऊ गेला, आता भावजयही झिजलेली मला चालणार नाही.

तुझ्यावर हक्क सांगणारी तुझी नणंद,
नोरा

किर्कथोर्प, ११ मे

प्रिय नोरावन्सं,

स. न. वि. वि. काल आर्थरना घेऊन गेलात तेव्हा नीट बोलणं झालं नाही. कसं झालं विचारलंत, ते लिहिते.

मला धरून आम्ही चौदा होतो. सकाळी ईडन नदीच्या काठाने आर्थर अगदी खुशीत होते. डेरेकला म्हणाले, नकाशा उलटा धरलास तरी नदी सुलटीच वाहतेय बाबा, तिच्या मागून चल. दुपारी बूट धुवायला म्हणून ते कोणाला न सांगता झाडीआड पाण्याकडे उतरले. तिथे घसरून पडले आणि घोटा मुरगळला. आम्हाला कळलं ते गावात पोचल्यावर, चहाच्या टेबलावर एक कप उरला तेव्हा. डेरेक तसाच पळत मागे गेला. तोवर दोन तास ते ओल्या कपड्यांत बसून होते. नदीकाठचं कुंपण ओलांडताना मोजणी झाली होती, ती मला सोडून बरोबर तेरा भरली होती.

त्यांचा खोकला कसा आहे ते लगेच कळवा. लोभ असू द्या, आत्ता त्याची गरज आहे.

तुमची,
मुरिएल

व्हाइटहेवन, १४ मे

प्रिय मुरिएल,

आशीर्वाद. आर्थरला न्यूमोनिया झाला आहे. डॉक्टर रोज येतात आणि माझ्याशी दाराबाहेर बोलतात. हा मात्र म्हणतो, विसरले ते बरंच झालं, नाहीतर चर्चमधल्या बायकांचा तो वाळका केक खावा लागला असता. मला हसू आलं नाही.

तुझी मोजणी तेरा भरली, म्हणजे तुझ्याकडून चूक नाही. आर्थर त्यानंतर बाजूला गेला आणि त्या डेरेकने एकदा वळून पाहिलं नाही. त्याला काढा, असं मी मंडळाला लिहिलं आहे. पुढच्या शुक्रवारी बैठक आहे. तू उठून बोल, तुझा शब्द मानतात. विल्फच्या एकोणीस वर्षांत एक माणूस हरवला नाही.

तुझी,
नोरा

किर्कथोर्प, १८ मे

प्रिय वन्सं,

नमस्कार. हे पत्र आर्थरच्या उशाशी बसून वाचू नका.

मोजणी चुकली होती. आर्थर त्याआधीच मागे राहिले होते. कुंपण ओलांडायच्या पायऱ्या चढून बाराच माणसं गेली आणि मी तेरा मोजली.

विल्फ असताना तो पायऱ्या ओलांडून पुढच्या वळणापर्यंत गेलेला असायचा, दिसायचा नाही. म्हणून मी त्याला मनात एक धरायची आणि समोरच्या माणसांना दोनपासून मोजायची. डेरेक तसा नाही. तो पायऱ्यांशी उभा राहून म्हाताऱ्यांना हात देतो, म्हणजे समोरच्यांत तोही येतो. ईस्टरपासून मी आठवणीने एकपासून मोजत होते. त्या दिवशी दोनपासून मोजलं.

विल्फची आठवण आली म्हणून चुकले असं म्हणता आलं असतं. पण खरं सांगते, आठवण आली नव्हती. ऊन होतं, शेतात कोकरं होती, आणि तेवढा वेळ तो गेला आहे हेच मी विसरले. तो पुढे आहे असं धरून मी चालत होते. फेब्रुवारीपासून तेवढीच घटका मला सुखाची गेली. ती आर्थरच्या छातीवर बसली.

डेरेकने माझ्या मोजणीवर विश्वास ठेवला आणि आठवडाभर लोकांचं बोलणं मुकाट्याने ऐकतो आहे. मागचं पत्र लिहिताना मला हे सगळं ठाऊक होतं. शेवटची जागा गेली तर शनिवारी कुठे जायचं, या भीतीने गप्प बसले. शुक्रवारी मी बोलणार आहे. त्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.

तुमची म्हणवून घेण्याची हिंमत करणारी,
मुरिएल

किर्कथोर्प, ३१ मे

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. आर्थरना उतार पडल्याचं डेरेककडून कळलं. तो तुम्हाला फोन करतो हे मला माहीत नव्हतं.

बैठकीत मी सगळं सांगितलं. कोणी रागावलं नाही, त्याने जास्त लागलं. डेरेक राहिला. शेवटची जागा आता पोस्टातल्या मिसेस आयव्हसनकडे आहे. येणार नाही म्हटलं, तर डेरेक काल सकाळी दारात उभा. म्हणाला, बूट घाला, तुमच्याशिवाय तेरा भरत नाहीत, आणि मला पुन्हा कोणाची बोलणी खायची नाहीत.

गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रांगेच्या मधे चालले. पुढे लोकांच्या पाठी, मागे पाठीमागचं बोलणं. कुंपणाच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा मिसेस आयव्हसनने माझ्याकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाली, सात.

उत्तर कधी लिहावंसं वाटलं तर लिहा.

मुरिएल