यूट दोन इंच वर

१४ नोव्हेंबर

नाही म्हणून सांगितलं. रॉडनीला, फोनवर, आवाज न चढवता — निदान सुरुवातीला तरी!

त्याने, म्हणजे माझ्या भावाने, ॲथर्टन शहरात डॅडसाठी खोली बघून ठेवली आहे. म्हाताऱ्या माणसांची जागा. एअर कंडिशनर, खाली बाग, हाकेच्या अंतरावर नर्स. जानेवारी संपेपर्यंत खोली धरून ठेवतील म्हणे.

"ब्रॉन, डॅड एक्याऐंशीचा झाला. डोळ्यांपायी लायसन्स गेलं. एकदा पाऊस लागला आणि वॉल्श नदी चढली की तो पलीकडे एकटा. ढग उतरले की हेलिकॉप्टरही येत नाही. काही झालं तर पोचणार कोण? तू? तुझ्या त्या उघड्या हौद्याच्या यूटमधून?"

"हो. त्या यूटमधून."

तो हसला. रॉडनी हसला की मला अजूनही चिमटा काढावासा वाटतो. "नदीवरचा फरशीपूल ती कशीबशी ओलांडेल, पण पुढे? घरापर्यंत सगळी काळी माती. बदकासारखी पोटावर बसेल."

खरं सांगायचं तर गेल्या वर्षी बसलीच होती. डॅडच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. रॉडनी चुकीचं बोलत नाही, हेच तर जास्त झोंबतं. पण गाडीचं पोट खाली आहे म्हणून माणूस उचलायचा? गाडीच का उचलू नये?

१५ नोव्हेंबर

डॅडला फोन. खोलीचं सांगितलं — लपवणं बरं नव्हे.

"ॲथर्टन? तिथे लोक मरायला जातात, आणि वर गाडी लावायला जागा मिळत नाही."

"मग काय सांगू रॉडनीला?"

"सांग, न्यायचंच असेल तर मला आडवा न्या."

मी म्हटलं, पावसात मी येत जाईन. यूट उंच करून घेते, मोठे टायर बसवते. पलीकडे रेडिओ बंद झाला. मग म्हणाला, "तुला जमेल?"

जमेल!

२० नोव्हेंबर

विन्सच्या टायरच्या दुकानात गेले. त्याची तिन्ही मुलं शाळेत माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे तो मला अजून 'मिस' म्हणतो, आणि मिस म्हणून जे काय सुनवायचं ते सुनवतो.

"दोन इंच? मिस, दोन इंचांसाठी कोण हातात पाना धरतं? चार घ्या. लोक मान वर करून बघतील."

"कायद्यात दोन बसतात. वर टायरची एक इंच उंची."

"कायदा ब्रिस्बेनमध्ये राहतो. चिखल इथे राहतो."

"चार इंच केले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. आणि वळणावर गाडी कलंडेल ती वेगळी."

त्याने हात जोडले. मग, "घरच्यांना विचारलंत? नवऱ्याला?"

"नवरा टाउन्सव्हिलला असतो, नव्या बायकोबरोबर. तिला फोन लावू?"

दुकानातले दोघं-तिघं खो खो हसले. विन्सने मुकाट्याने स्प्रिंगचे पाटे, शॉकअप आणि पाटे आखाला आवळणारे यू-बोल्ट काउंटरवर आणून ठेवले. "बसवून देऊ का?" मी म्हटलं, मी बसवणार.

का बसवणार? घरी येताना स्वतःला विचारत होते. पैसे वाचतात म्हणून? नाही. मी बसवलं तर मध्ये पडायला कोणाला जागा राहणार नाही, म्हणून. हे कारण चांगलं आहे का, ठाऊक नाही. पण आहे.

२९ नोव्हेंबर

दिवसभर गाडीखाली. मागची बाजू झाली!

जुने यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. कालच तेल मारून ठेवलं होतं, तरी हलेनात. शेवटी पान्याच्या दांड्यात बागेच्या नळाचा पाइप अडकवला आणि त्यावर उभी राहिले. कडकन आवाज! वाटलं माझं काहीतरी मोडलं. बोल्ट सुटला होता.

जुने पाटे बाहेर ओढले तेव्हा ते किती थकले होते ते दिसलं. मधे कमान राहिलीच नव्हती, नुसती सरळ पट्टी. नव्यांना बाक आहे. त्यांच्याकडे बघून उगाच मला ताठ व्हावंसं वाटलं.

शेजारचा कुंपणावरून म्हणाला, "गाडीखाली टेकूची घोडी नीट लावलीयेस ना? नाहीतर आम्हाला तुला खरवडून काढावं लागेल." मी घोड्यांखाली फळ्या घातल्या होत्या. तरी पुन्हा एकदा जॅक लावून तपासलं. अशी मी.

३० नोव्हेंबर

पुढची बाजू. चाकं हवेत लोंबकळत सोडून ब्रेकच्या नळ्या ताणतात का ते पाहिलं. गाडी वर गेली की नळी अपुरी पडते, हे कुठेतरी वाचलं होतं. चारही चाकांना पुरत होत्या. हायसं वाटलं.

मनगट सुजलं आहे. आनंदात आहे!

२ डिसेंबर

स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी माझ्या नखांकडे पाहिलं. "ब्रॉन्विन, चाळिशीत बायका योगासनं करतात."

"मीही करते. शवासन. गाडीखाली."

७ डिसेंबर

टायर बसले. चिखलाचे, जाड नक्षीचे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर आतल्या प्लॅस्टिकला घासत होतं. तेवढा तुकडा कापला. दिव्यांची तोंडं वर गेली होती, समोरचे लोक मला दिवे मारत होते — ती खाली केली. मोठ्या टायरमुळे वेगाचा काटा खरं सांगत नाही, कमी दाखवतो. गाडी पळते त्यापेक्षा हळू चालली आहे असं वाटतं. म्हणून काट्यावर हिरव्या पट्टीने खूण केली.

आणि चढून बसले. रस्ता खाली गेला. कुंपणापलीकडची चिंचोळी गटारं, ट्रकवाल्यांच्या खिडक्या, सगळं समोर. पेट्रोल पंपावर एकाने वळून पाहिलं. मी त्याच्यासाठी हे केलेलं नाही. पण पाहिलं ते आवडलं. खोटं कशाला लिहू?

१९ डिसेंबर

शाळेला सुट्टी. कालपासून धो धो. नदी चढते आहे.

रॉडनीचा फोन. "ठीक आहे. तू ख्रिसमसआधी, या पाण्यात, डॅडपर्यंत पोचून दाखव. पोचलीस तर खोलीचं नाव माझ्या तोंडून पुन्हा ऐकणार नाहीस. नाही पोचलीस तर सामान बांधायला तू माझ्याबरोबर येशील."

"चालेल."

"आणि मूर्खपणा करू नकोस. वाहून गेलीस तर मी दोघांना कुठे शोधू?"

रॉडनीचं हे असं. मध्येच भाऊ होतो, आणि नीट रागावताही येत नाही.

२२ डिसेंबर

पोचले! पोचले!! डॅडच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. पायात त्याचे मोजे.

क्रमाने लिहायला हवं.

नदीवर गेले तेव्हा फरशी पाण्याखाली, पण दोन्हीकडचे खांब दिसत होते. काठावर कौन्सिलची रस्त्याची माणसं, आणि मेलबर्नचं एक जोडपं, घरासारखी गाडी घेऊन, अडकून पडलेलं. मी बूट काढून काठी घेतली आणि आधी पायी आरपार चालून आले. पाणी गुडघ्याच्या वर, ओढ सोसण्याइतकी, तळ शाबूत. आपण चालू शकत नाही तिथे गाडी घालायची नाही, हे डॅडने आम्हाला लहानपणीच शिकवलं.

परत आले तर मेलबर्नवाली बाई म्हणाली, "तुम्ही खरंच जाणार? एकट्या?" नवऱ्याने फोन रोखून धरलेला. कौन्सिलच्या माणसाने आपल्या माणसाला कोपराने ढोसलं. "लाव पैज. मधल्या खांबापर्यंत."

इथे थांबून चहा करायचा असतो. नदी ओलांडण्याआधी इकडचा प्रत्येक माणूस काठावर चहा उकळतो, घाई असली तरी. मीही आयुष्यभर तेच केलं आहे. पण सगळे बघत होते. वाटलं, आता चूल मांडून बसले तर म्हणतील घाबरली. मी तशीच चढले आणि घातली गाडी.

पाणी दारापर्यंत आलं. पुढे एक लाट तयार झाली, ती मी मोडू दिली नाही — एका वेगात, गियर न बदलता. मधला खांब गेला. मग चाकांखाली वर जाणारी जमीन. मागून कोणीतरी शिट्टी वाजवली.

पुढचा चिखल. टायरमधली हवा कमी करून निघाले. तीन घळी लागल्या. तिसरीत एक मागचं चाक हवेत लोंबलं, गाडी तिरपी झाली, माझ्या तोंडून असा एक शब्द निघाला, ज्यासाठी मी मुलांना वर्गाबाहेर काढते. त्या घळीतही पाणी होतं. पण बाहेर आलो. पोट टेकलं नाही. एकदाही नाही!

डॅड व्हरांड्यात उभा. आवाजावरून गाडी ओळखली नाही त्याने. जवळ आला, टायरवरून हात फिरवला, मग दाराच्या कडेवरून. "ही तुझी यूट? उंच टाचांचे बूट घातलेली कालवड वाटतेय."

"पण आली ना?"

"आली खरी."

२३ डिसेंबर

रॉडनीला फोन. "डॅडच्या घरून बोलतेय."

तो, "बरं."

फक्त बरं! मी हा शब्द चांदीत मढवून घेणार आहे.

संध्याकाळी

मढवायची घाई नको. दुपारी गाडी धुतली. शेडमध्ये घेताना मागून बारीक रडल्यासारखा आवाज येत होता. मागच्या आखाच्या मधोमध गियरचा गोळा असतो, त्याचा खालचा बोल्ट सैल करून पाहिला. तेल बाहेर आलं ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. आत पाणी. नवं तेल घातल्याशिवाय गाडी चालवता येणार नाही.

त्या गोळ्याला वरून एक बोटाएवढी नळी असते, आतली हवा आतबाहेर करायला. ती मी मागेच उंच नेऊन बांधली होती, पाणी लागू नये म्हणून. पण गाडी दोन इंच वर गेली आणि नळी होती तेवढीच राहिली. तिसऱ्या घळीत चाक लोंबलं तेव्हा ती निसटली असणार. ब्रेकच्या नळ्या मी लोंबकळत्या चाकांवर तपासल्या, आणि हीच राहिली!

आणि चहा. चहा का करतात ते मला माहीत आहे. चालून तापलेला आख थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेते. काठावर बसायचं ते आख निवायला. चहा होतो तो वरकड. नदीनंतर चिखल उपसत मी घळींपाशीही कुठे थांबले? अनोळखी माणसाच्या फोनमध्ये घाबरट दिसायचं नव्हतं, एवढ्यासाठी.

डॅडला सांगितलं. तो म्हणाला, "तेल नाही इथे. ट्रॅक्टरचंही संपलंय." मग, "रॉडनीला सांगणार?"

"सांगणार." आणि सांगितलंही. म्हटलं, पोचले हे खरं आहे, आणि अडकले हेही खरं आहे. तुला काय धरायचं ते धर.

"पोचायची पैज होती," तो म्हणाला. "पोचलीस."

२५ डिसेंबर

डब्यातलं हॅम, झाडावरचे आंबे, छतावर पाऊस. डॅडने स्वतःच्या वाट्याचा आंबा मला दिला. "तुझ्या टायरांना."

३० डिसेंबर

नदी उतरत नाही. मी गळकी पन्हळ दुरुस्त केली. डॅड दिवसभर रेडिओवर क्रिकेट ऐकतो आणि अंपायरशी भांडतो. रेडिओ बंद झाला की घर फार मोठं वाटतं. त्याला रोज असंच वाटत असेल? विचारलं. म्हणाला, "सवयीचं आहे." सवय आहे, असं नाही म्हणाला. का मीच शब्द चाळत बसले आहे?

२ जानेवारी

रॉडनी रोज फोन करतो, आणि डॅड फोन घेऊन आतल्या खोलीत जातो. दार लावून! आज मी मध्येच फोन ओढून घेतला.

"शब्द दिला होतास. त्याला फितवू नकोस."

"मी एक अक्षर बोललेलो नाही, ब्रॉन. आईची शपथ."

"मग रोज काय बोलता?"

"तोच बोलतो," रॉडनी म्हणाला. "मी ऐकतो."

विश्वास बसला नाही. मी डॅडला सांगितलं, कोणाला घाबरायचं काम नाही, पुढच्या पावसातही मी येईन, नळी लांब बसवेन, काठावर चहाही करेन. तो माझ्याकडे बघत राहिला — म्हणजे माझा आवाज येत होता त्या बाजूला. "येशील तू," म्हणाला. "तुझ्या जिद्दीचं मला नवल नाही."

६ जानेवारी

शेजारच्या रानातली कर्स्टी, गुरं हाकायला हेलिकॉप्टर उडवते ती, ढग फाटले की तेल आणून देणार आहे. रॉडनीने विन्सकडून घेऊन तिच्यापर्यंत पोचवलं. बरोबर लांब नळीही! विन्सचा निरोप: चार इंच केले असतेत तर, मिस, नळी सहा इंच लांब लागली असती.

९ जानेवारी

सकाळी ऊन. कर्स्टी उतरली, डबा दिला. तिच्या हेलिकॉप्टरात दोनच माणसं बसतात. मागे वळून बघते तर डॅड दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन उभा. ॲथर्टनच्या त्या खोलीत राहायला निघालेला. कर्स्टीला ठाऊक होतं. रॉडनीलाही.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. "एवढं सगळं मी कशासाठी केलं?"

"मला नेऊ देणार नव्हतो मी कोणाला," तो म्हणाला. "पावसात इथे माणूस पोचू शकत नाही, म्हणून जायचं? ते ऐकून जाणार नव्हतो. तू पोचलीस. राहता येतं हे सगळ्यांनी बघितलं. आता मला कोणी नेत नाहीये, ब्रॉन. मी जातोय."

आणि गेला.

तेल भरलं. नळी बसवली. नदीच्या या बाजूला आता एकटी मीच आहे.