कड्याखालची छपरी

४ फेब्रुवारी

चि. खारू हिला आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वसतिगृहाची गादी टोचते, खोलीतली मैत्रीण घोरते, भूशास्त्राचे सर वर्गात कुणाला हसू देत नाहीत, सगळं लिहिलंस. तब्येतीबद्दल मात्र एक ओळ नाही. खोकला गेला का? लहानपणी गालात खडे भरून हिंडायचीस म्हणून तुला खारू नाव पडलं. आता त्याच खड्यांवर तू पदवी घेणार, याचं मला अजून हसू येतं.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात सुरुंग उडवल्यावर आमच्या खाणीच्या कड्याचा मोठा भाग खाली आला आणि आत खडकाच्या दोन गुळगुळीत, तिरक्या पाठी, म्हणजे सपाट बाजू, उघड्या पडल्या. दोन्ही एकमेकींना जिथे मिळतात त्या बेचक्यात खोलीएवढा दगड बसला आहे आणि त्याच्या बरोब्बर खाली पाथरवटांची छपरी. आमचे हे, म्हणजे तुझे काकाही, तिथेच दगड घडवतात. मला काही ते रुचेना. मुकादम मी, म्हणून माझ्या अधिकारात छपरी उठवली आणि सगळ्यांना उघड्यावर बसवलं. तेव्हापासून रोजची कटकट चालू आहे. डोक्यावर ऊन, डोळ्यांत धूळ, आणि सगळ्यात मोठा आवाज तुझ्या काकांचा. घरचा माणूस मुकादमाला कुठला भितो! मालकांचं म्हणणं एकच, धोका आहे तर सिद्ध कर, नाहीतर छपरी होती तिथे घाल.

सुट्टीत तू मला होकायंत्र आणि कोनमापक धरायला शिकवलंस ते कामी आलं. शिडी लावून मी दोन्ही पाठी मोजल्या. एकीचा उतार आग्नेयेकडे, बावन्न अंश. दुसरीचा ईशान्येकडे, अठ्ठेचाळीस. कडा जवळजवळ उभा आणि तोंड पूर्वेला. तुमच्या प्रयोगशाळेत हे मांडून बघ आणि सांग, तो दगड घसरणार की नाही. माझं मन राखणारं उत्तर नको, शिकलेलं उत्तर दे. तू सांगशील तसं करीन.

वेळेवर जेवत जा, आणि अधूनमधून आत्याचीही आठवण काढ.

तुझी,
आत्या


१० फेब्रुवारी

ती. आत्यास खारूचा सा. नमस्कार. वि. वि.

खोकला गेला. घोरणारी मैत्रीण आहे तशीच आहे.

तुझं पत्र वाचून मी इतकी फुगले की विचारू नकोस. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, शाईचे डाग पडलेली मोठी टेबलं आणि भिंतीला लागून दगडांचे खण. पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर एक वही तिरपी धरली आणि तिच्यावर पाणी ओतलं. पाणी ज्या बाजूला धावलं तो उताराचा रोख, वही जेवढी झुकली ते अंश. डोंगर मोजायचा तो असाच, असं म्हणाले. नंतर रंगीत मातीचे थर फळीनं ढकलून आम्ही डोंगरांच्या घड्या केल्या. माझी घडी मधेच फाटली तर म्हणाले, डोंगरही असाच फाटतो, पुसू नकोस.

तुझा दगड मात्र कागदावरचं काम. आमच्याकडे एक गोल छापील जाळी असते. तिच्या मधोमध टाचणी टोचून वर पारदर्शक कागद बसवायचा. तो गरगर फिरतो. कागद फिरवत फिरवत एकेक पाठ कमानीसारखी काढायची. दोन कमानी जिथे छेदतात तो बिंदू म्हणजे दोन पाठींच्या सांध्याची रेघ, आणि दगड घसरलाच तर त्या रेघेवरून घसरतो. तास संपायची घंटा होत होती, तेवढ्यात तुझं उत्तर काढून मी मोकळी झाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं पहिलंसुद्धा गणित झालं नव्हतं.

तुझी रेघ चाळीस अंशांनी उत्तरेला उतरते. म्हणजे कड्याला समांतर, डोंगराच्या पोटात. बाहेर कुठे निघतच नाही, मग दगड येणार कुठून? तेव्हा निर्धास्त राहा. छपरी खुशाल होती तिथे घाल, आणि काकांना सांग की त्यांची सावली भाचीनं परत मिळवून दिली. हे पत्र मालकांनाही दाखव.

मोठी झाले तरी कान उपटायचा तुझा हक्क शाबूत आहे.

तुझीच,
खारू


१७ फेब्रुवारी

चि. खारू हिला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मालकांनी मान डोलावली, पाथरवटांनी त्याच दुपारी बांबू उचलले आणि संध्याकाळच्या आत छपरी पुन्हा कड्याखाली उभी. काकांनी तुझं पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि खिशात ठेवलं. कोणी आलं गेलं की काढून दाखवतात. मला मात्र सांगतात की पोरीचं अक्षर बघायला ठेवलंय.

मीही आता शांत झोपायला हवं, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. दगड आणि पाठ यांच्या फटीवर मी प्लॅस्टरचे दोन पट्टे मारून ठेवले होते. फट हलली तर पट्टा तडकतो, ही आमची जुनी पद्धत. काल वरचा पट्टा तडकला. काका म्हणाले, प्लॅस्टर वाळताना तडकतंच. सकाळी बारीक खडीही गळते छपरीच्या पत्र्यावर. ती तर कुठल्याही कड्यावरून गळते म्हणा. तुझं उत्तर हाताशी नसतं तर मी पुन्हा सगळ्यांना उठवलं असतं आणि शिव्या खाल्ल्या असत्या. आता मनाला समजावते की शिकलेल्या माणसानं बघून सांगितलं आहे.

परीक्षा जवळ आली असेल. जागरणं करू नकोस. आमचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या


तार. २२ फेब्रुवारी

छपरी लगेच रिकामी करा. माझं उत्तर चुकलं. दगड घसरू शकतो. पत्र मागून. खारू.


२२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. नमस्कार.

तार मिळाली असेल अशी आशा धरून लिहिते. घाईत आहे, अक्षर समजून घे.

आज सरांनी सरावाला तुझ्यासारखंच गणित घातलं. मी सगळ्यांआधी हात वर केला. त्यांनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, की कागदावरची उत्तरेची खूण या क्षणी कुठे आहे. मी बघितलं तर खूण भलतीकडेच. अंश मोजायला कागद फिरवावा लागतो, पण दिशा वाचायच्या आधी तो परत फिरवून त्याची उत्तर जाळीच्या उत्तरेवर आणायची असते. मी तो तसाच फिरवलेला ठेवून दिशा वाचली होती. सर पुढे काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. मला तुझं पत्र आठवलं. त्या दिवशी घंटेच्या घाईत मी हेच केलं होतं.

जुना कागद शोधला, खूण जागेवर आणली. आत्या, रेघ पूर्वेला निघते. चाळीस अंशांनी, सरळ कड्याच्या तोंडातून बाहेर, छपरीवर. एक पाठ आग्नेयेला झुकलेली, दुसरी ईशान्येला, मग सांधा त्या दोन्हींच्या मधेच, पूर्वेलाच जाणार. हे जाळीशिवायही कळायला हवं होतं. मी विचारच केला नाही. आणि तू तडकलेल्या पट्ट्याचं लिहिलंस, ते वाचूनही मला शंका आली नाही. मी नुसती खूश झाले की काका माझं पत्र मिरवतात.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं आणि एकच विचारलं, की माणसं खाली बसणार होती तर उत्तर कोणाला तपासायला का दिलं नाहीस. त्यांनीच तारेचा मजकूर लहान करून दिला. मी त्यांना सांगितलं आहे की हा विषय सोडते.

कोणाला काही झालं तर मी काय करू? लगेच कळव. काकांना आधी उठव.

खारू


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

उत्तर नाही. तार मिळाली का एवढं तरी कळव. जेवण जात नाही. राग आला असेल तर रागानं लिही, पण लिही.

खारू


२७ फेब्रुवारी

चि. खारू हिला आशीर्वाद. वि. वि.

सगळे जिवंत आहेत, हे आधी वाच. मग बाकीचं.

तार दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मला राग आला, खोटं कशाला सांगू? तुझा आला, आणि पट्टा तडकलेला दिसत असून मी गप्प बसले म्हणून माझाही आला. धावत छपरीत गेले आणि सगळ्यांना उठायला सांगितलं. कोणी हलेना. काकांनी खिशातून तुझं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. निर्धास्त राहा असं पोरीनं लिहिलंय, आता तीच म्हणते पळा, उद्या पुन्हा मत बदलेल, असं म्हणाले. लोक हसले. तुझाच कागद तुझ्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

मी सांगितलं की पहिल्या पत्रात पोरीनं ऐट केली आहे आणि तारेत स्वतःची चूक कबूल केली आहे, मी तारेवर विश्वास ठेवते. ज्याचा नसेल त्याचा आजचा रोज बंद. तेव्हा एकेक जण कुरकुरत उठला. काका उठेनात. हातातला दगड पुरा केल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. आता दोघांवर पडू दे म्हटलं. वर खडी गळत होती पत्र्यावर. मी उठले नाही. शेवटी काका हातोडा आपटून उठले आणि मला नाही नाही ते बोलले. बोलू देत.

त्याला आता चार दिवस झाले आणि दगड आहे तिथेच आहे. माणसं उन्हात बसतात आणि माझ्याकडे बघून हसतात. मालक येऊन गेले. आणखी पंधरा दिवसांत काही झालं नाही तर छपरी पुन्हा तिथे, आणि मुकादम दुसरा, असं सांगून गेले. दगड पडावा असं रोज वाटतं आणि मग वाटण्याचीच भीती वाटते. दुसरा पट्टाही आज तडकला.

विषय सोडायचं पुन्हा लिहू नकोस. आत्ता माझ्यात तुला समजावायचं त्राण नाही. तू माझी आहेस, त्यात फरक पडत नाही.

आत्या


६ मार्च

चि. खारूस काकांचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आत्यानं कागद माझ्यापुढे सरकवला म्हणून मी लिहितो. तिला लागलेलं नाही. कोणालाच लागलेलं नाही.

काल दुपारी आम्ही दूर शिंदीच्या झाडाच्या सावलीला जेवायला बसलो होतो. आधी काहीतरी करकरलं. मग तो दगड बेचक्यातून सरळ पूर्वेला सरकला, घाई नसल्यासारखा, आणि एकदम खाली आला. धूळ बसायला बराच वेळ लागला. छपरीच्या जागी नुसता ढिगारा दिसत होता. मी ज्या जागेवरून उठायला तयार नव्हतो ती जागा मला ओळखू आली नाही. आत्या एकेक माणूस मोजत सुटली. मी तिच्याजवळ गेलो. त्या दिवशी तिला जे बोललो ते आठवत होतं.

मालक आले, बघितलं आणि टोपी काढून उभे राहिले. मुकादमीचं पुन्हा बोलले नाहीत.

आता दगड गेला तिथे मागचा कडा उघडा पडला आहे. त्यात नव्या पाठी दिसतात. छपरी कुठे घालायची, हा प्रश्न पुन्हा आला. आत्या म्हणाली तुला बोलवू. मी म्हटलं पोरगी एकदा चुकली आहे. त्यावर आमच्यातला सगळ्यात म्हातारा पाथरवट म्हणाला, म्हणूनच तिला बोलवा. बाकीच्यांनी हातोडे खाली ठेवले. मीही ठेवला.

तुझ्या सरांना घेऊन ये, त्यांनी तपासावं, पण मोजायचं तू. भीती वाटेल. वाटू दे. आम्हालाही वाटते. माया आहे, ती बोलून दाखवायची मला सवय नाही, आणि आता या वयात लागायची नाही.

तू येऊन जागा दाखवेपर्यंत इथे कोणी छिन्नी उचलणार नाही.

काका