चुन्याची रेघ

माघ शु. ५
कारभारीसाहेबांनी बोलावले. (पुढे का. सा. एवढेच लिहीन, बोटे दुखतात.) म्हणाले, "मास्तर, ही पगारी फुटबॉलची मंडळी तुमच्या हौसेने उभी राहिली. अकरा माणसे पागेच्या हजेरीवर, आणि काम काय, तर चेंडूला लाथा! बघायला लोक येत तोवर दरबारची शोभा होती. रिकाम्या माळावर कसली शोभा?"
पाडव्यापर्यंत मुदत. माळ भरला तर ठीक, नाही तर मंडळी मोडणार.
दहा जण पागेत परत जातील. पण गंगाराम? गोल राखतो. शाळेत माझ्या हाताखाली होता, आता तिशी उलटली. डावा गुडघा या खेळातच गेला, घोड्यावर मांड बसत नाही. पागा घेणार नाही त्याला. आणि चांगल्या खोगीरकामावरून (ती जागा केव्हाच भरली) उठवून त्याला इथे आणला तो मीच.

माघ शु. ८
गर्दी मी मोजत नाही. मैदानाभोवती चुन्याची रेघ असते, लोकांनी तिच्यामागे उभे राहायचे. खेळ रंगला की पाय आपोआप पुढे सरतात आणि रेघ पुसली जाते. किती पुसली, तेवढी गर्दी. ही युक्ती का. सां.ना मीच शिकवली, आता तीच धरून बसलेत.
पहिल्या वर्षी महूच्या छावणीतले गोरे खेळायला आले होते. संध्याकाळी रेघ शोधून सापडेना! गंगारामाने उंच उडी घेऊन चेंडू असा उतरवला, जसे झाडावरचे पिकले सीताफळ. बायामाणसे गाड्यांवर उभी. मी त्या दिवशी वर्गातल्यासारखा मोठ्याने श्लोक म्हणत घरी आलो होतो. ही बोलली, "लोक हसतात हो." हसू देत. आता ना ती, ना लोक.

माघ शु. १२
सामना. जिंकलो. रेघ जशीच्या तशी.
हरत होतो तेव्हा गर्दी, जिंकू लागलो तशी पांगली. हे कसे? नवल ओसरले, हे एक. पण दुसरेही आहे. हे देवास, गाव एक आणि दरबार दोन. रस्त्याच्या अलीकडे आमची धाकटी पाती, पलीकडे थोरली. अर्धी गर्दी पलीकडची असे. यायची ती आमची फजिती पाहायला. "अरे, तो चेंडू आहे की सासरा? अंगावर आला की बाजूला सरता!" मौज वाटे. फजिती संपली, त्यांचे येणेही संपले.

माघ व. ४
आजही कोणी नाही. शेजारचा रामलाल हलवाई पूर्वी मैदानावर जिलबीची कढई मांडायचा, आज आलाच नाही. विचारले तर म्हणतो, "मास्टर साब, अफीम को चीरो छोड़ी ने कुण आवेगा?" खरेच. अफूच्या बोंडांना चिरे द्यायचे दिवस, घरचे मूलही शेतात. हे माझ्या ध्यानातच नव्हते. लहानपणी धारला असताना आम्हीही...

माघ व. ११
धारची मंडळी खेळायला येणार! फाल्गुन व. १२ ठरली. तोवर अफू उरकेल, रंगपंचमीही होऊन जाईल. धार म्हणजे माझे बालपण. तळ्याकाठची शाळा, पाटीवर थुंकून पुसलेली कवने. आता ते हरोत की आपण, माझे दोन्हीकडून मरण. गंगारामाला सांगितले तर हसला. "मास्तर, तुम्ही मधे उभे राहा. चेंडू लागला तर दोघांचा."

फाल्गुन व. ८
दवंडीसाठी दोन ओळी जुळवल्या. भुजंगप्रयात, तोच काय तो जमतो.
चला रे चला सोडुनी व्याप सारा
इथे चेंडु धावे जसा मत्त वारा
ढोलवाल्याकडून पाठ करून घेतल्या. म्हटले, रस्त्याच्या दोन्ही अंगांना फीर. पलीकडच्यांनाही मानाने बोलावणे जाऊ दे.

फाल्गुन व. ९
घात केला मी. एका पातीचा ढोल दुसऱ्या पातीच्या अंगणात वाजत नाही, कधीच वाजलेला नाही. तीस वर्षे इथे राहून मी धारवालाच राहिलो. पलीकडचे एक वृद्ध गृहस्थ भर बाजारात म्हणाले, "न बोलावता येत होतो ते आमच्या मर्जीने. आता तुमच्या ढोलावर यायचे, म्हणजे तुमची रयत की काय आम्ही?"
क्षमा मागितली. मान हलवून गेले.
गंगाराम एवढेच म्हणाला, "कवन चांगलं होतं, मास्तर."

फाल्गुन व. १२
धारची मंडळी आली, खेळली, गेली. बरोबरी. गंगारामाने तीन चेंडू अडवले, टाळ्या माझ्या आणि रामलालच्या. पलीकडचे एक माणूस नाही, म्हणून अलीकडचेही घरात. ज्यांना उलट चिडवायचे तेच नाहीत, तर यांनी कशाला यावे?
का. सा. इंदुरास होते. निरोप आला, उद्या सकाळी येऊन रेघ पाहीन.

फाल्गुन व. १३
उजाडताच माळावर गेलो. रेघ सबंध, पांढरी, नव्या कोऱ्या जानव्यासारखी. वहाणांनी पुसू लागलो. चालायचे, घासायचे, मागे फिरायचे. एक बाजू झाली आणि धाप लागली. तेवढ्यात गंगाराम आला. बघत राहिला. "मास्तर, साऱ्या गर्दीला एकच वहाण?" मग स्वतःचे जोडे काढले आणि अनवाणी निघाला, डावा पाय ओढत. 
तीन बाजू झाल्या असतील, तोच टांगा आला. का. सा. उतरले. आधी रेघ पाहिली. मग आमचे पाय पाहिले, चारही पाय घोट्यापर्यंत पांढरे.  म्हणाले, "पाडव्याला कळवतो."
घरी येऊन पाय धुतले. टाचांच्या भेगांत चुना बसला आहे, झोंबतो, निघत नाही.