चार रिम, रंग काळा

रत्नागिरी,
बुधवार, जेवणानंतर

तीर्थरूप अक्कास,

हरिश्चंद्राचा वाकून (कंबर परवानगी देईल तितकंच वाकून) नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागे म्हणालीस की तो जिना चढताना दुखतो, पण गाडीचा क्लच दाबताना दुखत नाही. हे डॉक्टरांना सांगितलंस का? मला तर यात काहीतरी संशोधनाला वाव दिसतो. तुमच्या गुहागरात सुपारीचं काय म्हणतंय यंदा? आमच्याकडे सगळी मंडळी ठीक. तुझी भावजय विचारते की कोकमाचं आगळ संपलं, पाठवतेस का. फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुझ्या मनात आलंच असेल. या घरात मी फोनवर बोललो की मारुती मंदिरापर्यंत ऐकू जातं, आणि विषय शमिकेचा आहे.

तर अक्का, शमिकेला चेन्नईला नोकरी लागली. गाड्यांच्याच कारखान्यात. गणपती झाले की जाणार. पोरीच्या कष्टांचं चीज झालं म्हणून मी पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी मला पेढा कडू लागला. ती तिची लाल गाडी तुला माहीत आहेच. जुनी घेतली स्वतःच्या पगारातून आणि गेली तीन वर्षं आतलं एकेक काढून दुसरं बसवत गेली. धुराची नळी बदलली, स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली, इंजिनाच्या डोक्यात काहीतरी नवं भरलं. आता ती सुरू झाली की आंब्यावरचे कावळे उठतात. राहिली होती फक्त चाकं. म्हणजे अंगात वारं आणि पायात झिजलेल्या चपला, अशी गत. पण चेन्नईला गाडी ठेवायला जागा नाही, तेव्हा एकतर ती विकायची (पालीचा एक माणूस दर रविवारी येऊन तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतो), नाहीतर माझ्या ताब्यात द्यायची. मी म्हटलं, माझ्याकडे ठेव. अगो, गाडी दारात असली तर पोर दिवाळीला येईल, शिमग्याला येईल. गाडी गेली की ती चेन्नईची झाली. मला त्या गाडीचं काडीचं कौतुक नाही, मला पोरीची ये-जा हवी आहे, हे तुला स्पष्टच सांगतो. तिने अट घातली की आठवड्यातून एकदा तरी गाडी लांबवर फिरवून आणायची. एका जागी उभी राहिली की टायर खालून बसतात आणि बॅटरी मरते. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! लायसन आहे की माझ्याकडे.

मग जाता जाता चाकं घालूनच जाते म्हणाली, आणि मी त्यात डोकं घातलं. अक्का, टायर ही काय वाचनीय वस्तू आहे हे मला या वयात कळलं! इतकी वर्षं छापखाना चालवला, कुठेही अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, पण टायरवर इतकं छापलेलं असतं हे कधी वाकून पाहिलंच नव्हतं. त्यावर तीन आकडे असतात. पहिला रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूच्या उंचीचा, तो रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा, तो इंचांत. एका ओळीत तीन मापं! आमच्याकडे असा मजकूर कुणी आणला असता तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग विचारलं असतं की बाबा, तुला नक्की काय छापायचंय. शिवाय टायरला जन्मतारीख असते. कितव्या आठवड्यात, कोणत्या साली झाला ते बारीक आकड्यांत लिहिलेलं असतं. दुकानदार गोडीगुलाबीने जुनाच टायर नवा म्हणून गळ्यात मारू शकतो, म्हणून ती आधी बघायची. (मी आता रस्त्याने जाताना लोकांच्या गाड्यांच्या जन्मतारखा वाचतो. परवा कलेक्टर कचेरीबाहेर वाकलो होतो तेव्हा एका हवालदाराने काय हरवलं म्हणून विचारलं.)

शमिकेला हव्या होत्या सतरा इंची रिम आणि त्यावर पापडासारखा टायर. त्याला लो प्रोफाइल म्हणतात. आपल्यात लो प्रोफाइल म्हणजे जो चारचौघांत पुढे पुढे करत नाही तो, यांच्यात मात्र सगळ्यात जास्त मिरवतो तो. तिचं म्हणणं, बाजूचं रबर जितकं कमी तितकी गाडी वळणावर डुलत नाही. माझं म्हणणं, पंधरा इंचीच घे, आपल्या रस्त्यावर रबर हाच एक शहाणा, तो मध्ये पडतो म्हणून रिम वाचते. आठवडाभर हा वाद चालला. शेवटी ती म्हणाली, बाबा, माझंच ऐका, कोल्हापूरच्या पाटलांकडून मागवा, सतरा इंची चार रिम, काळ्या, ऑफसेट अडतीस. ऑफसेट म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी आयुष्यभर ऑफसेटवर छापलं आणि हिच्या चाकाला ऑफसेट! विचारलं तर कळलं, चाक आपल्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर बसतं, त्याचं ते माप. चुकलं तर चाक गाडीच्या अंगाला घासतं. मला फार आवडलं ते. माणसांनाही असं माप असायला हवं होतं.

आता घोळ ऐक. माझ्या फोनमध्ये दोन पाटील आहेत, दोघेही कोल्हापूरचे. एक कागदवाले, त्यांचं नाव 'पाटील रीम', आणि दुसरे चाकवाले, त्यांचं नाव 'पाटील रिम'. कागदाची रीम दीर्घ, चाकाची रिम ऱ्हस्व. इतकी शुद्ध नोंद रत्नागिरीत दुसऱ्या कुणाच्या फोनात सापडायची नाही, आणि मी लावला फोन दीर्घाला! (म्हाताऱ्या पाटलांचा आवाज ओळखला असता, पण हल्ली त्यांचा मुलगा बसतो.) मी म्हटलं, चार रिम हव्यात, काळ्या, सतरा इंची. तो म्हणाला, सतरा बाय किती? मी म्हटलं, सात. तो म्हणाला, असा साइज येत नाही, मोठा पाठवतो, तुम्ही कापून घ्या. मला वाटलं, काय प्रगती झाली आहे, रिमसुद्धा कापून मिळते! मी म्हटलं, ऑफसेट अडतीस. तो म्हणाला (त्याने ते कागदाचं वजन धरलं असणार), काळ्यात इतका पातळ येत नाही, जाड देऊ? मी म्हटलं, जाडच द्या, आमच्याकडे खड्डे फार आहेत. जुनं गिऱ्हाईक म्हणून त्याने खड्ड्यांचं काही न विचारता ऑर्डर लिहून घेतली.

आंबा घाट उतरून ट्रान्सपोर्टचा ट्रक आला. शमिका केस बांधून, हातात पाना घेऊन दारात उभी. गठ्ठा फोडला तर आत काळा कागद, चार रीम म्हणजे दोन हजार ताव! पोरगी कागदाकडे बघते, मग माझ्याकडे बघते. मी ज्याने तालुक्याच्या लग्नपत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तो तिथे मेल्याहून मेल्यासारखा झालो. ती मात्र खाली बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला इतकं बरं वाटलं गो ते हसणं ऐकून.

पण कागद वाया जाऊ देणारा मी नव्हे. आपल्या धंद्याचा नियमच आहे, प्रूफ पाहिल्याशिवाय छापायचं नाही. मी काळ्या कागदाच्या गोल चकत्या कापल्या, दोन सतरा इंची आणि दोन पंधरा इंची. गाडीच्या एका बाजूच्या चाकांवर सतरा चिकटवल्या, दुसऱ्या बाजूला पंधरा. झालं की नाही प्रूफ? चकतीबाहेर जेवढं रबर उरलं तेवढा टायर. (शेजारच्या नसीमाभाभी गॅलरीतून म्हणाल्या, भाऊ, काळे कागद लावून कुणाचा निषेध चाललाय?) दोन्ही बाजू आम्ही फिरून फिरून पाहिल्या. मग शमिका म्हणाली, बाबा, तुम्ही आत बसा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाक कुठे घासेल का ते बघते. मी बसलो. आता या नव्या गाड्यांत सगळ्या दांड्या भलत्याच ठिकाणी असतात. वायपर सुरू झाले. ते बंद करायला गेलो तर काचेवर पाणी उडालं. ती म्हणाली उजवीकडे, आणि मी हॉर्न वाजवला. हे सगळं गाडी बनवणाऱ्यांनी नीट विचार न केल्यामुळे होतं. शमिका बाहेर उकिडवी बसली होती, ती उठली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, पंधराच घेऊ, जाड रबराचे.

बघ अक्का, प्रूफाची किमया! आठवडाभर तोंडाने सांगून जे पटलं नाही ते कागदाने पटलं. खऱ्या रिम आल्या (या खेपेला ऱ्हस्वाकडून), टायर आले, जन्मतारीख मी स्वतः वाचून घेतली. काल तिने मला भाट्याच्या पुलावरून फिरवून आणलं. पाऊस होता, पण गाडी रस्त्याला अशी धरून चालली होती की मी दरवाजाची कडी सोडली. शेवटी मी म्हटलं, काळजी करू नकोस, या गाडीला मी फुलासारखं जपतो.

भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
हरिश्चंद्र

ता. क. – अक्का, मला गाडी येत नाही. लायसन एजंटाने घरपोच दिलं होतं आणि छापखान्याची व्हॅन कायम धोंडूच चालवायचा. तू पन्नाशीत शिकलीस, मी साठीत शिकेन. शमिकेला चेन्नईच्या रेल्वेत बसवून दिलं की दुसऱ्याच दिवशी तवसाळच्या फेरीबोटीने ये आणि मला शिकव. तुझ्या पाया पडतो. नाहीतर ती पालीच्या माणसाला देईल.

ता. क. दुसरा – शमिकेला यातलं अक्षर कळता कामा नये. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात नाही तेही याचसाठी, तिथला मास्तर तिच्या वर्गातला आहे.

आत्ये, मी शमिका. बाबांनी पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट नीट चिकटलं नव्हतं. त्यांना गाडी येत नाही हे मला त्या वायपरच्या दिवशी कळलं. म्हणून पंधराच्या घेतल्या. ते कुंपणाच्या गडग्याला घासणार, गटारात घालणार, आणि जाड रबर असलं म्हणजे गाडीलाही काही होणार नाही आणि त्यांनाही. पालीच्या माणसाला मी तेव्हाच नाही म्हणून सांगितलंय. तू ये आणि आधी रिव्हर्स शिकव, आमच्या दारातून गाडी उलटीच काढावी लागते. मला माहीत आहे हे त्यांना सांगू नकोस हां. दिवाळीला मी रेल्वेने येणार आहे, तेव्हा मला स्टेशनवर न्यायला बाबाच आले पाहिजेत.